साचा खात्यापासून सर्व्हरपर्यंत : आवड आमची, मग दार कोणाचे?

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती वाचल्या की एक शब्द हमखास सापडतो : ‘पॅशन’. बॅकएंड इंजिनिअर पाहिजे, त्याला जावा किंवा पायथन आले पाहिजे, डेटाबेस आला पाहिजे आणि कामाची व शिकण्याची ‘पॅशन’ असली पाहिजे. लोअर परळच्या काचेच्या इमारतीत मुलाखतीला गेलेल्या आपल्या मुलामुलींनाही हाच प्रश्न विचारला जातो. तुम्हाला शिकण्याची आवड आहे का? रात्री घरी बसून स्वतःहून काही शिकता का? सुट्टीच्या दिवशी कोड लिहिता का?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात एक गृहीतक दडलेले असते. आवड हा माणसाचा जन्मजात गुण आहे, तो काहींमध्ये असतो आणि काहींमध्ये नसतो, आणि ज्याच्यात असतो तो आपोआप पुढे जातो, असे ते गृहीतक आहे. हे गृहीतक मान्य केले की पुढचा निष्कर्ष तयारच असतो. जे मागे राहिले त्यांच्यात आवड नव्हती. ‘मेरिट’ नावाची जी मूर्ती आपल्यासमोर सतत नाचवली जाते, तिचे हे नवे नाव आहे.

ज्या जमिनीवर बसून हा प्रश्न विचारला जातो, त्या जमिनीचाच इतिहास या गृहीतकाला खोटे पाडतो. गिरगाव, परळ, लालबाग, दादर या पट्ट्यात आमच्या आजोबा-पणजोबांनी काम केले. त्यांना शिकण्याची आवड कमी नव्हती. कमी होता तो वाचायला दिवा, आत शिरायला दार आणि हाताशी वेळ. या तिन्ही गोष्टी कोणी दान म्हणून दिल्या नाहीत, त्या मिळवाव्या लागल्या. आज सर्व्हरसमोर बसलेल्या आमच्या तरुणांनी हा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे, कारण आता तो त्यांच्या हातात आला आहे.

बॅकएंड म्हणजे नेमके काय?

चळवळीतल्या अनेक ज्येष्ठांना आपली मुले कंपनीत काय करतात हे ठाऊक नसते. ‘कॉम्प्युटरवर बसतो’ एवढेच सांगितले जाते. म्हणून आधी ते काम समजून घेऊ.

समजा दादर स्टेशनबाहेर उभी असलेली एक मुलगी मोबाइलवर नाशिकच्या गाडीचे तिकीट काढते. तिला फक्त मोबाइलचा पडदा दिसतो. पडद्यामागे तिची मागणी दूरच्या सर्व्हरकडे जाते. ती कोण आहे हे तपासले जाते, डेटाबेसमध्ये जागा शोधली जाते, बँकेतून पैसे वळते होतात. त्याच क्षणी तीच जागा मागणाऱ्या दुसऱ्या माणसाला ती दिली जाणार नाही याची खबरदारी घ्यावी लागते. पैसे कापले गेले आणि मध्येच यंत्रणा बंद पडली तर? व्यवहार एक तर पूर्ण झाला पाहिजे, नाहीतर मुळीच झाला नाही पाहिजे. अर्धवट राहता कामा नये. हे सगळे एका मुलीसाठी नाही, एकाच मिनिटात आलेल्या लाखो माणसांसाठी करायचे असते. हे काम बॅकएंड इंजिनिअर करतो. ते नीट झाले तर कोणाला दिसत नाही. बिघडले तरच त्याची आठवण होते.

या कामात शिकणे थांबत नाही. डेटाबेसमधली एखादी क्वेरी हजार नोंदींवर झटकन चालते आणि एक कोटी नोंदींवर गुडघे टेकते. का टेकते हे शोधायला आत शिरावे लागते. लॉग वाचावे लागतात, इंडेक्स कसा बांधला जातो ते समजून घ्यावे लागते. ज्याला याची गोडी लागते तो रात्र रात्र त्यात रमतो. ही गोडी खरी आहे आणि तिची थट्टा करण्याचे आम्हाला काही कारण नाही. यंत्राच्या आत काय चालले आहे हे जाणून घेण्याची इच्छा माणसाला मोठे करते. आमचा प्रश्न पुढचा आहे. यंत्राजवळ कोणाला जाऊ दिले गेले?

धोट्याला जात नव्हती

आता गिरणीकडे वळू. कापड गिरणीत खाती असत. कताईच्या रिंग खात्यात आमचे लोक मोठ्या संख्येने होते. विणाई खात्यात, म्हणजे गिरणीच्या भाषेतल्या साचा खात्यात, त्यांना प्रवेश नव्हता. साच्यावरचे काम जास्त कौशल्याचे होते आणि कताईपेक्षा तिथे कमाई चांगली होती.

प्रवेश का नव्हता? कारण समजून घेण्यासारखे आहे. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी भरावी लागे आणि तिचा धागा धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढण्यासाठी विणकर तो तोंडाने ओढून घेत असे. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला आम्ही तोंड लावणार नाही, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे होते. एवढ्या एका कारणावरून एका संपूर्ण समाजाला एका संपूर्ण कौशल्यापासून दूर ठेवले गेले.

इथे तंत्राचा एक मुद्दा आहे, तो इंजिनिअर मित्रांनी मुद्दाम लक्षात घ्यावा. तोंडाने धागा ओढण्याची पद्धत सर्वांच्याच आरोग्याला घातक होती. अमेरिकेत १८९० च्या दशकातच नॉर्थ्रॉप मागात धागा आपोआप ओवला जाणारा धोटा आला होता. म्हणजे अडचणीवर यांत्रिक उत्तर होते. ते उत्तर वापरले असते तर विणकरांची फुप्फुसे वाचली असती आणि जातीचे निमित्तही संपले असते. पण यंत्र बदलण्यापेक्षा माणसाला बाहेर ठेवणे स्वस्त पडत होते.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांमध्ये सुमारे सहा महिने चाललेला प्रचंड संप झाला. तेव्हा बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांसमोर ठेवला. अस्पृश्य कामगारांना गिरणीतल्या प्रत्येक खात्यात काम करण्याचा हक्क आहे, ही मागणी तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आम्ही आमच्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगू, अशी त्यांची भूमिका होती. नेत्यांनी नाखुशीने ती मागणी घातली. मालकांचे उत्तर काय होते? हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. मालक म्हणाले, कामगार ऐकत नाहीत. कामगार पुढारी म्हणाले, आधी वर्गाचा लढा, मग हे. सगळ्यांचे हात स्वच्छ, आणि दार मात्र बंद.

आज अनेक ठिकाणी ऐकू येते, ‘कोडला जात नसते.’ अगदी बरोबर आहे. धोट्यालाही जात नव्हती. सुतालाही नव्हती. जात यंत्रात कधीच नसते. ती यंत्राजवळ कोणाला बसवायचे हे ठरवणाऱ्यांच्या डोक्यात असते.

परळच्या खोलीतला दिवा

आवड म्हणजे काय याचे सर्वांत मोठे उदाहरण याच पट्ट्यात घडले. सुभेदार रामजी आपल्या मुलांना घेऊन मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. त्याच खोलीत चूल, तिथेच जळण, तिथेच सगळ्यांचे झोपणे. भीमराव संध्याकाळी लवकर झोपत. रात्री दोनच्या सुमारास वडील त्यांना उठवत आणि मिणमिणत्या दिव्याजवळ अभ्यास सुरू होई. पुस्तकासाठी पैसे नसले की सुभेदार आपल्या विवाहित मुलींकडून उसने आणत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवत.

एल्फिन्स्टन हायस्कूल ही सरकारी शाळा होती. तरीही भीमराव फळ्यापाशी गणित सोडवायला निघाले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुलांनी धावत जाऊन ते उचलले, हे आपण सर्व जाणतो. संस्कृत शिकायचे होते, ते शिकू दिले नाही. फारसी घ्यावी लागली. शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर पडली. गुरुजींनी पुस्तके दिली, बुद्धचरित्र दिले, पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तेव्हा कॉलेजचे शिक्षण पुढे गेले.

आता नीट विचार करा. बाबासाहेबांइतकी ज्ञानाची भूक दुसऱ्या कोणाची होती? तरीही त्या भुकेला वडिलांची जागरणे लागली, बहिणींचे दागिने लागले, एका गुरुजींची नजर लागली आणि एका राजाची शिष्यवृत्ती लागली. बाबासाहेबांनाही एवढे लागले असेल, तर परळच्या चाळीत किती मुलांची भूक तशीच विझली असेल? त्यांची नावे कोणत्या गुणवत्ता यादीत शोधायची?

आणखी एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. परळच्या बीआयटी चाळीतल्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्या आज आपण अभिमानाने दाखवतो. १९२० ते १९२३ बाबासाहेब लंडनला अभ्यासात बुडालेले होते तेव्हा माता रमाई इथे संसार ओढत होत्या. लेकरे दगावली, पैसा नव्हता, तरी त्यांनी आपल्या हालअपेष्टांचा भार त्या अभ्यासावर पडू दिला नाही. पडद्यामागचे काम म्हणजे काय हे आम्हाला कोणत्याही कंपनीने शिकवण्याची गरज नाही. लंडनमध्ये तयार झालेल्या प्रबंधामागे परळमधल्या एका बाईचे कष्ट होते. आजही एखादा मुलगा रात्री दोनपर्यंत नवी भाषा शिकत बसतो तेव्हा त्याच्या ताटाची काळजी कोणीतरी घेत असते. त्याच घरातल्या मुलीला तेवढाच वेळ मिळतो का? हा प्रश्न आपण आपल्याच घरात विचारला पाहिजे.

पुढे बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी. १९१७ साली त्यांची पुस्तके घेऊन येणारे जहाज पाणतीराने बुडाले होते. त्या माणसाने पुन्हा एकेक पुस्तक जमवत घरच ग्रंथालय केले. पण एवढ्यावर ते थांबले असते तर ते एका विद्वानाचे चरित्र झाले असते. ते आमचे उद्धारकर्ते झाले, कारण आपल्याला मिळालेला दिवा त्यांनी घरात ठेवला नाही.

दार उघडणे हे संघटनेचे काम

बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली स्थापन झाली. तिचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलजवळ होते. वसतिगृहे आणि वाचनालये हे सभेचे पहिले कार्यक्रम होते. लढ्याची सुरुवात पुस्तकाच्या कपाटापासून झाली, ही गोष्ट आम्ही विसरता कामा नये.

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. त्याच वर्षी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला दिले. त्यातला शिक्षणाचा भाग आमच्या इंजिनिअर तरुणांनी मुद्दाम वाचावा. त्यांचे म्हणणे असे की केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे फार भले होणार नाही. त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे. ते महाग आहे, म्हणून सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात, परदेशी पाठवावे, आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे. स्वतः अर्थशास्त्र आणि कायद्यात सर्वोच्च पदव्या घेतलेला माणूस हे सांगत होता. १९२८ साली साचा खात्याचे दार ठोठावणारा हात १९४२ साली प्रयोगशाळेचे दार ठोठावत होता. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज तुमच्यापैकी ज्यांनी त्या शिष्यवृत्तीवर अभियांत्रिकीची फी भरली आहे, त्यांच्या पदवीचे मूळ तिथपर्यंत जाते.

१९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. सिद्धार्थचे वैशिष्ट्य काय? वर्ग सकाळी भरत. म्हणजे कारकून, शिपाई, गिरणीतला मुलगा सकाळी शिकून मग कामावर जाऊ शके. वेळापत्रक हा वरवर क्षुल्लक वाटणारा तपशील आहे. पण अकरा वाजताचा वर्ग हा नोकरी करणाऱ्यासाठी बंद दारासारखाच असतो. कोण शिकणार हे अनेकदा प्रवेश परीक्षेच्या आधी घड्याळच ठरवते.

ज्यांना हेही मिळाले नाही त्यांनी काय केले? अण्णाभाऊ साठे शाळेत दीड दिवस गेले. वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबई गाठली, पाट्या आणि पोस्टर वाचत अक्षरे शिकली, दादरच्या कोहिनूर मिलमध्ये काम केले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये राहिले. त्यांनी ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आवड या शब्दाचा अर्थ कोणाला हवा असेल तर त्याने अण्णाभाऊंकडे पाहावे. पण अण्णाभाऊंचे उदाहरण देऊन ‘बघा, इच्छा असली की सगळे होते’ असे म्हणणारे लोक आम्हाला मान्य नाहीत. एक अण्णाभाऊ भिंत फोडून बाहेर आले म्हणून भिंत नव्हती असे सिद्ध होत नाही.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चार वर्षांच्या आत. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ साली मुंबईतच उभी राहिली. तेव्हा परळ-लालबागच्या आमच्या वस्त्या तिथून काही मैलांवर होत्या. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून त्या यंत्रापर्यंतचे अंतर मात्र मैलांत मोजण्यासारखे नव्हते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच संपल्या. फिनिक्स मिल, कमला मिल, कोहिनूर मिल या नावांच्या जागी मॉल आणि कार्यालये आली. दादरच्या इंदू मिलची जागा बाबासाहेबांच्या स्मारकासाठी आपण लढून मिळवली. बाकीच्या गिरण्यांच्या जागेवर काय उभे राहिले आणि त्यात कोणाची मुले कामाला आहेत, हाही प्रश्न तेवढ्याच जोराने विचारायला हवा.

वेळेचा प्रश्न

आपल्या भाषणांत नेहमी सांगितले जाते की बाबासाहेबांनी चौदा तासांचे काम आठ तासांवर आणले. इतिहास नेमका सांगितला पाहिजे. तो नेमका सांगितल्याने बाबासाहेबांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. बाबासाहेबांनी मजूर मंत्री म्हणून दुरुस्ती विधेयक मांडले आणि १९४६ च्या कायद्याने ती ४८ तासांवर आली. आठवड्याचे सहा तास. कोट्यवधी श्रमिकांच्या आयुष्यातले सहा तास.

हे तास कशासाठी हवे होते? १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाचा समाचार घेताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली. यंत्राशिवाय माणसाला फुरसत मिळणार नाही आणि फुरसतीशिवाय संस्कृती निर्माण होणार नाही, असा त्यांच्या मांडणीचा सारांश आहे. यंत्राचा दोष यंत्रात नाही, ते कोणाच्या मालकीचे आहे आणि त्याचा लाभ कोणाला मिळतो यात आहे. यंत्राने श्रम कमी व्हावेत आणि वाचलेल्या वेळात माणसाने वाचावे, विचार करावा, माणूस व्हावे. आंबेडकरवादी इंजिनिअरसाठी याहून स्पष्ट मार्गदर्शन कोणते?

आता ‘पॅशन’कडे पुन्हा पाहा. शिकण्याच्या आवडीचे नाव घेऊन मुलांना रात्री अकरा वाजता फोन केला जातो, रविवारी बसवले जाते, आणि जादा तासांचा मोबदला मागणे हे आवड नसल्याचे लक्षण मानले जाते. ज्याच्या घरी वडिलांची पेन्शन आहे, स्वतंत्र खोली आहे, त्याला हे काही वर्षे परवडते. ज्याच्या पगारावर शैक्षणिक कर्जाचा हप्ता, गावाकडचे घर आणि धाकट्या बहिणीची फी अवलंबून आहे, त्याची आवड दिसायची कुठे? समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. साध्या भाषेत सांगायचे तर, एकाला पिढ्यान्‌पिढ्या जमलेली शिदोरी आहे आणि दुसरा उपाशीपोटी त्याच शर्यतीत धावतो आहे.

‘आता जात कुठे राहिली?’

हा प्रश्न कंपनीतल्या जेवणाच्या टेबलावर हटकून येतो. त्याला उत्तर रागाने देऊ नका, आकड्यांनी द्या. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्री जाहिरातींना अर्ज पाठवून अभ्यास केला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. ६६ आठवड्यांत ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज गेले. पात्रता सारखी, फरक फक्त आडनावाचा. दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश निघाली. मुस्लिम नावाची त्याहूनही कमी. मुलाखतीच्या खोलीत पोहोचण्याआधीच हे घडते. आवड विचारायची वेळच येत नाही.

सातासमुद्रापार गेले तरी ही गोष्ट पाठ सोडत नाही. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्नियाच्या सरकारी विभागाने एका दलित अभियंत्याच्या तक्रारीवरून सिस्को कंपनीवर आणि तिथल्या दोन अभियंत्यांवर जातिभेदाचा खटला दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले आणि २०२३ मध्ये त्या दोघांविरुद्धचा भाग मागे घेतला गेला. तो वाद काहीही असो, संगणक क्षेत्रात जात असू शकते हे जगाला प्रथमच इतक्या उघडपणे ऐकावे लागले. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर ठरले.

गिरणीत भरती जॉबरमार्फत होई. जॉबर आपल्या गावचे, आपल्या नात्यातले, आपल्या जातीचे लोक आणी. आज कंपनीत त्याला ‘रेफरल’ म्हणतात. आपल्या ओळखीचा माणूस सुचवायचा. ज्याच्या ओळखीत वीस इंजिनिअर आहेत त्याचा अर्ज पुढे सरकतो. ज्याच्या चाळीत तो पहिलाच इंजिनिअर आहे त्याचा अर्ज ढिगात पडतो. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही असे म्हणतात, पण ओळखीचे हे आरक्षण तिथे बिनबोभाट चालते.

मग करायचे काय?

आग्र्याच्या १९५६ च्या भाषणाचा दाखला देऊन शिकलेल्या तरुणांना झोडपण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आम्हाला नुसते झोडपणे मान्य नाही. पहिल्या पिढीच्या इंजिनिअरवर आधीच खूप ओझे असते. त्याला करता येतील अशी नेमकी कामे सांगितली पाहिजेत.

एक, आपल्या विहाराला अभ्यासिका जोडा. अनेक विहार बुद्धवंदनेनंतर कुलूपबंद असतात. तिथे दिवा आहे, छप्पर आहे. दोन जुने लॅपटॉप आणि इंटरनेट मिळाले की शिकणे सुरू होते. लिनक्सचा कोड, पोस्टग्रेस डेटाबेसचा कोड आज कोणालाही फुकट वाचता येतो. तो वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. साचा खात्याचे दार बंद होते, हे दार उघडे आहे. पण तिथपर्यंत पोहोचायला इंग्रजीची पायरी आहे. ती पायरी मराठीतून समजावून सांगणारा माणूस लागतो. आठवड्याची एक संध्याकाळ द्या. डेटाबेस म्हणजे काय, सर्व्हर म्हणजे काय, आपल्या भाषेत शिकवा.

दोन, रेफरल हे हत्यार आहे, ते वापरा. तुमच्या कंपनीत जागा निघाली की आधी आपल्या अभ्यासिकेतल्या मुलींची नावे आठवा. यात लाजण्यासारखे काही नाही. इतर जण हेच करत आले आहेत. फक्त ते त्याला दुसरे नाव देतात.

तीन, शिष्यवृत्तीच्या कामात उतरा. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला वार्षिक अडीच लाख रुपये उत्पन्नाची मर्यादा आहे. पैसे उशिरा येतात, कागद अडतात, आणि तोवर मुलगा कॉलेज सोडून डिलिव्हरीच्या कामाला लागतो. ऑनलाइन अर्ज कुठे अडकतो हे बॅकएंड इंजिनिअरपेक्षा जास्त कोणाला कळणार? अर्ज भरून द्या, पाठपुरावा करा आणि जिथे व्यवस्था मुद्दाम अडवते तिथे संघटनेला बरोबर घेऊन भांडा.

चार, आपल्या वेळेसाठी भांडायला शिका. तुमच्या वेळेसाठी याच शहरात संप झाले आहेत, कायदे झाले आहेत. आवडीने शिकणे वेगळे आणि आवडीच्या नावाखाली राबवून घेतले जाणे वेगळे. हा फरक सांगण्याची हिंमत एकट्याला होत नाही; चार जणांना होते. म्हणूनच संघटित व्हायचे.

मित्रांनो, शिकण्याची आवड हे आमचे वारसाहक्काने आलेले धन आहे. ते कोणा कंपनीच्या जाहिरातीतून आम्हाला मिळालेले नाही. परळच्या खोलीत रात्री दोनला लागलेल्या दिव्यातून ते आले आहे, रमाईच्या कष्टातून आले आहे, साचा खात्याच्या बंद दारावर पडलेल्या थापांतून आले आहे. चांगला कोड लिहा, खोलवर शिका, कामात कोणाच्या मागे राहू नका. आणि पुढच्या वेळी कोणी तुमची ‘पॅशन’ विचारली तर तिची किंमत कोणी कोणी मोजली आहे, हे मनात ठेवून ताठ मानेने उत्तर द्या. तुम्ही आत शिरला आहात. आता दार लावून घेऊ नका, तुमच्या मागे रांग उभी आहे.

जय भीम!